खंडेनवमीची साखळी

रेडिएटरचं झाकण उघड, असं मेस्तरीनं मला सांगितलं, तेव्हा ते तापलेलं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वरंध घाटातून आलेली जीप होती, पुढून वाफा येत होत्या. मला पंपावर येऊन चार दिवस झाले होते. मी झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी हातावर आलं. जीपमधली माणसं हसली, मेस्तरीही हसला. नंतर त्यानं हातावर गार पाणी ओतलं, खोटं कशाला सांगू. पण आधी हसून घेतलं.

"सांगितल्यालं मानूस इसरतं," तो म्हणाला. "भाजल्यालं न्हाई इसरत."

ते खरं निघालं. माझ्या मनगटावर अजून पांढरा डाग आहे.

भोरच्या बाहेर, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला तो पंप होता. दोन यंत्रं, एक पेट्रोलचं, एक डिझेलचं, दोन्ही दांडा मारून हातानं चालवायची. मागं गाड्या धुवायचा ओटा आणि बाजूला पत्र्याखाली हवा-पंक्चरचं काम. मला झाडायला आणि पाणी भरायला ठेवलं होतं. राहायला मागची खोली. माझी शाळा चौथीपर्यंत, माहेर पासलीचं, दिलं हिर्डोशीला. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला गोठ्यात झोपायला सांगितलं. मी तिथून निघाले. पासलीत भाऊ म्हणाला, दोन दिवस राहा. तिसऱ्या दिवशी भावजयीनं मला ताट वाढलं नाही. म्हणजे पंपावरून हाकललं तर हिर्डोशीचा गोठा, दुसरी जागा नव्हती. मेस्तरीला हे माहीत होतं. तो म्हणायचा, "संध्याकाळची एस्टी हाय बघ तुझ्या गावाला." रोज नाही, पण दिवसाआड तरी म्हणायचा.

एकदा तो चहाला गेला आणि माझ्या हातून पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं. मला दोन्ही नळ्या सारख्याच दिसायच्या. मेस्तरी आला, त्यानं शिवी दिली नाही. रबरी नळीचं एक टोक गाडीच्या टाकीत सोडलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"वढ तोंडानं."

"मेस्तरी, तोंडात जाईल की."

"मग वास ध्यानात ऱ्हाईल."

मी ओढलं. एक घोट पोटात गेला. दोन दिवस ढेकर आला की डिझेलचा यायचा. आजही डोळे बांधून दोन बाटल्या माझ्यापुढं ठेवा, कशात काय ते सांगेन. असं शिकवणं त्याला शिकवणं वाटायचं. मला तेव्हा काय वाटायचं ते कुणी विचारलं नाही, आता सांगून उपयोग नाही.

मी मात्र बघून बघून पुष्कळ शिकले. त्या काळच्या ट्रकच्या चाकाला एका बाजूनं लोखंडी रिंग असायची. ती टायरला जागेवर धरून ठेवते. रिंग खाचेत नीट बसली नसली आणि हवा भरली, तर ती उडते, आणि समोर जे असेल ते मोडते. म्हणून मेस्तरी चाक भिंतीला लावायचा, रिंग भिंतीकडं, आणि वरून साखळी गुंडाळायचा. मग मी हवेच्या मशीनची चावी सोडायची. तेवढं काम त्यानं मला दिलं होतं, कारण त्याला वाकायचा कंटाळा होता.

एका पावसाळ्यात मी म्हणाले, "मेस्तरी, ही रिंग गंजलीया. एका अंगानं वर ऱ्हायलीया."

खरंच राहिली होती. त्यानं ती काढली, घासली, पुन्हा बसवली. मग ग्रीसचं फडकं माझ्या तोंडावर मारलं. दोन ड्रायव्हर बघत होते.

"बायकांनी मला रिंग शिकवायची? पुन्यांदा तोंड उघडलंस तर मालकाला सांगून आजच्या एस्टीत बशिवतो. डोळ्यानं बघायचं, हातानं करायचं. बास."

"बरं," मी म्हणाले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मालकानं पंप रंगवून घेतला. पत्र्यामागची भिंत पांढरीशुभ्र केली आणि बजावलं, दसरा होईपर्यंत हिला काळं टायर लावायचं नाही. हत्यारं सकाळीच धुऊन पाटावर मांडली होती. पाने, हातोडे, टायर सोडवायच्या टाम्या, जॅक आणि ती साखळी. वर हळदकुंकू आणि झेंडूची माळ. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याशिवाय उचलायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

दुपारी झेंडूनं भरलेला ट्रक आला. महाडला निघालेला, मागचं चाक बसलेलं. ड्रायव्हर रडकुंडीला आला होता.

"मेस्तरी, दसरा उद्या हाय. परवा ह्यी फुलं गुरं बी खायची न्हाईत."

"हत्यारं पुजल्यात," मेस्तरी म्हणाला.

"माझी टामी घ्या, माझा हातोडा घ्या."

"आन मशीन?"

मालक खुर्चीतून म्हणाला, "हवा काय हत्यार हाय का? करून टाक."

सगळे हसले. मेस्तरीनं ड्रायव्हरच्या हत्यारांनी पंक्चर काढलं. चाक भिंतीला लावता येईना, म्हणून जमिनीवर आडवं टाकलं, रिंग वर. साखळी पाटावर माळेखाली होती. त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं. उचलायला हात पुढं केला नाही. मग उजवा पाय रिंगवर रोवला आणि मला म्हणाला, "सोड हवा."

मला दिसत होतं. माझ्या बाजूनं रिंग बोटभर वर होती. त्याच्या बाजूनं ती बसलेली दिसत असणार. मी चावीवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"बघतीस काय, सोड की."

मी हवा सोडली.

आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर पत्र्याला भोक होतं, रिंग ट्रकमधल्या फुलांत जाऊन पडली होती आणि मेस्तरी नव्या भिंतीशी पडला होता. भिंत खालून लाल झाली होती. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. पुण्याला नेलं, तिथं तो पाय काढला.

लोक म्हणाले, देवाचा कोप, खंडेनवमीला काम केलं. न बोलायची मला सवय लागली होती.

दिवाळीनंतर मालकानं विचारलं, हवेचं काम जमेल का. मी हो म्हणाले. पुढं सगळी वर्षं मीच केलं. चाक भिंतीला, रिंग भिंतीकडं, वरून साखळी. खंडेनवमीला बाकीची हत्यारं पुजली, साखळी कधी पाटावर मांडू दिली नाही. पुजारी कुरकुरला. म्हटलं, देवाला बाकीची पुष्कळ आहेत. आता असली चाकं फारशी राहिली नाहीत. मशीनवर आकडे येतात आणि घाट उतरून महाडला निघालेली पोरं आपल्या हातानं हवा भरून जातात.

पाय गेल्यावर वर्षभरानं मेस्तरी पंपावर आला होता, मेहुण्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. कुबडी आडवी धरली होती. मेहुणा गाडी उभी करून पाणी प्यायला गेला, मेस्तरी मागं बसूनच राहिला. मेस्तरी बराच वेळ भिंतीवरच्या साखळीकडं बघत होता.

"त्या दिशी रिंग वर हाय ते तुला दिसलं व्हतं?"

"व्हय."

"आन तरी सोडलीस."

"तुमीच सोड म्हणालात."

"सांगायचं तरी."

"एस्टीत बशिवनार व्हतात की मला."

तो हसेल असं मला वाटलं. हसला नाही.

"मागच्या चाकात हवा भर," तो म्हणाला. "बसलंय जरा."

मी नळी घेऊन वाकले. त्यानं राहिलेला पाय पटकन वर उचलून धरला आणि मी नळी काढेपर्यंत खाली टेकवला नाही.