तीन खोडांचं झाड

टेकडीवरचं आमचं काम साधं आहे. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर मोजायचा, यंत्रानं उंची घ्यायची आणि झाडात लाकूड किती याचा अंदाज काढायचा. चंद्रपूरहून आलेली नवी सहकारी उंची नुसत्या नजरेनं सांगायची आणि माझं यंत्रही तेवढीच दाखवायचं. पुढच्या मोजणीची प्रमुख मला व्हायचं होतं, म्हणून ती मला फार सलायची.

एकदा तिनं बुंध्यापाशीच तीन खोडं फुटलेल्या गिरिपुष्पाला अगदी खाली एकच टेप गुंडाळला. मोजणी नेमून देणारे सर जवळच होते; त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "अहो, फाटा छातीच्या खाली असला की प्रत्येक खोड वेगळं मोजतात."

"बरं झालं सांगितलंत, ताई," ती हसली. "आमच्याकडचा साग सरळसोट, ही सवयच नाही."

सर म्हणाले, "चूक अशी मान्य करता आली पाहिजे. पुढची मोजणी यांच्याकडेच देऊ."

"आणि चूक दाखवणाऱ्यांनी काय करायचं?"

"त्यांनी ती तीन खोडं मोजावीत."

मोजली. पहिल्याच खोडावर टेप इतका आवळला गेला की घेर पुन्हा घ्यावा लागला.