शिस्तमास्तरांची टिचकी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे शिस्तमास्तर म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. प्रोग्राम लिहिण्यात त्याने कधी फार दिवे लावले नाहीत. पण दुसऱ्याच्या कोडमध्ये कुठे रिकामी जागा जास्त सुटली, कुठे ओळ लांबली, हे दिसलं की तो असा खुलायचा, जणू शेजाऱ्याच्या ताटात केस सापडलाय.

या आनंदापायी त्याने एक तपासनीस प्रोग्राम लिहिला आणि त्यातून पास झाल्याशिवाय कोणाचाही कोड पुढे जाणार नाही, असा साहेबांकडून हुकूम काढून घेतला. चूक सापडली की एडिटरच्या, म्हणजे ज्यात आम्ही कोड लिहितो त्या खिडकीच्या, खालच्या पट्टीत आधी चांदण्यांची रांग उमटे. मग उपदेश: ‘नीटनेटकेपणा हा प्रोग्रामरचा दागिना आहे.’ मग ओळीचा आकडा आणि सगळ्यात शेवटी, लाजत लाजत, फाईलचं नाव. ते वाचायचं, फाईल हुडकायची, त्या ओळीपर्यंत सरकत जायचं, एक फालतू जागा खोडायची आणि परत खाली यायचं. खरं तर फाईलचं नाव, दोन टिंबं आणि ओळीचा आकडा एवढंच छापलं, तर एडिटर ते ओळखतो आणि माउसच्या एका टिचकीत थेट त्या ओळीवर नेऊन सोडतो. हे आम्ही मास्तरला सांगून थकलो.

“शोधलं की लक्षात राहतं,” तो म्हणे. “आयतं मिळालं की माणूस शेफारतो.”

स्वतः मात्र तो काही शोधत नसे. आपलं फोल्डर त्याने गुपचूप तपासणीतून वगळलं होतं.

मग त्याची भाची आमच्यात कामाला लागली, आधी तात्पुरती, काम बघून कायम करू या बोलीवर. काम बघणार होता मामाच. तिच्या घरी दुसरं कमावतं कोणी नव्हतं, त्यामुळे ती मान वर न करता राबायची. पहिल्याच दिवशी मामाने सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, “इथे मामा नाही, सर म्हणायचं.”

तिचं मनगट दुखायचं. पट्टा बांधून ती दिवसभर वर-खाली सरकत बसे. एका दुपारी वैतागून तिने मामाचा प्रोग्राम उघडला, चांदण्या आणि उपदेश उडवले आणि फक्त फाईलचं नाव, दोन टिंबं आणि आकडा छापला जाईल असं केलं. तिथेच फोल्डर वगळणारी ओळ तिला दिसली. मामा मुद्दाम असं करेल हे त्या भाबड्या पोरीच्या डोक्यातच आलं नाही. तिने तीही काढली.

आम्ही तपासणी चालवली आणि पट्टी चुकांनी भरून गेली. एकाने टिचकी मारली, मास्तरची फाईल उघडली. दुसऱ्याने मारली, पुन्हा मास्तरच. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मास्तर लालबुंद होऊन तिच्या टेबलापाशी आला.

“कोणाला विचारून केलंस हे?”

“सर, मला वाटलं, ती ओळ तुमच्याकडून चुकून राहिली.”

ती मनापासून बोलली आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

कायम करायची वेळ आली तेव्हा त्याने शेरा मारला: ‘बेशिस्त. परवानगीशिवाय बदल.’ साहेबांनी न वाचता सही ठोकली. पोरीने पिशवीत कप आणि चार्जर भरला आणि कोणाकडेही न बघता गेली. मला त्या माणसाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्याने आपलं फोल्डर पुन्हा वगळलं. टिचकीची सोय मात्र ठेवली, कारण ती त्याला भारी आवडली होती. दुपारी त्याच्या बहिणीचा फोन आला.

“अगं ताई, माझा नाइलाज होता,” तो सांगत होता. “भाची म्हणून सोडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? नियम सगळ्यांना सारखेच.”

बोलता बोलता त्याने पट्टीतल्या एका चुकीवर टिचकी मारली. माझी फाईल उघडली. फोन कानाला तसाच धरून त्याने मला बोटाने जवळ बोलावलं.