सबब परत

टपाल कचेरीत त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणत. एकोणतीस वर्षे एकाच भागात पत्रे वाटल्यामुळे कोणत्या जिन्याची कोणती पायरी खचली आहे आणि कोणत्या घरचा कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्याच्या पायांना पाठ होते. माणसांची नावे मात्र डोक्यात टिकत नसत. पाकिटावरचे नाव तो जवळजवळ वाचतच नसे. पत्ता वाचला, की पाय चालू लागत.

त्यामुळे बँकेतल्या अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला, तेव्हा स्वतःचे नाव त्याने बऱ्याच दिवसांनी नीट वाचले. त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एक नोंद होती : हप्त्यांवर घेतलेला फ्रीज, हप्ते थकलेले, प्रकरण वसुली कंपनीकडे.

“मी फ्रीज घेतलाच नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे मेव्हण्याचा जुना आहे. त्याच्या दाराला दोरी बांधावी लागते.”

“असेलही. पण ही नोंद आहे तोवर घराचं कर्ज मंजूर होणार नाही.”

घर म्हणजे बावीस वर्षे ते भाड्याने राहत होते त्याच दोन खोल्या. मालकीणबाईंनी त्या विकायला काढल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत त्या थांबणार होत्या. दुसरे गिऱ्हाईक जिन्याचे माप घेऊनही गेले होते.

त्याने वसुली कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक आवाज आला. “काका, अर्ध्यात मिटवू. आज भरा, आठ दिवसांत नोंद साफ.”

“पण कर्ज माझं नाहीच.”

“म्हणून तर अर्ध्यात म्हणतोय!”

संध्याकाळी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “भरून टाका. डोक्याचा ताप तरी जाईल.”

“भरले म्हणजे मीच बुडवले होते असं ठरेल.”

“ठरू दे. तुमचं नाव काय दारावर कोरायचंय? या वयात मी पुन्हा भांडी खोक्यात भरायची नाही, सांगून ठेवते.”

खरे तर तोही थकला होता. पैसे भरून उशीवर डोके टेकावे, असे त्यालाही वाटत होते. तरी त्याने वसुली कंपनीला हरकतीचा अर्ज लिहिला आणि स्वतःच्याच कचेरीत रांगेत उभा राहिला. खिडकीतला कारकून हसला. “काय नकाशा, आज उलटा प्रवास?”

दहा दिवसांनी उत्तर आले. हरकत तपासली, कर्ज आपलेच आहे, वर्षापूर्वी नोटीसही पाठवली होती. पाकिटाची प्रत सोबत. त्याने प्रत उजेडात धरली. नाव त्याचे होते. पत्ता होता घड्याळवाल्याच्या दुकानावरचा, तिसरा मजला. आणि कोपऱ्यात शेरा होता : ‘इमारतीस तिसरा मजला नाही. सबब परत.’

अक्षर त्याचेच होते. सहीही त्याचीच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कंपनीत गेला. अर्धी रक्कम बायकोने सकाळीच त्याच्या आतल्या खिशात कोंबली होती. टेबलामागच्या बाईंनी शेरा वाचला, सही वाचली आणि चष्मा वर सरकवला.

“म्हणजे पोस्टमन तुम्हीच? स्वतःची नोटीस स्वतःच परत पाठवलीत? छान युक्ती आहे हो!”

इतक्या वर्षांत त्याच्या पिशवीतून एकही पोस्टकार्ड गहाळ झाले नव्हते. आता नोकरीवरही बालंट येणार, असे त्याला दिसू लागले. हात आपसूक खिशाकडे गेला. पैसे टेकवले, तर बाई याहून जास्त काही विचारणार नव्हत्या. मग त्याची नजर पुन्हा त्या शेऱ्यावर गेली. त्याने हात काढून घेतला.

“बाई, नाव मी वाचलं नाही, ही माझी चूक. पण युक्तीच करायची असती, तर पाकीट फाडून टाकलं असतं. वर सही कशाला केली असती?” त्याचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. “त्या इमारतीला दोनच मजले आहेत. वर पाण्याची टाकी आहे. कर्जाच्या कागदावरही हाच पत्ता असेल, तर तुमच्या माणसांनी फ्रीज कुठं पोचवला तेवढं विचारा. टाकीला लावलाय का?”

बाईंना हसू आवरले नाही. मग त्यांनी मूळ कागद मागवले आणि त्यांचे हसू मावळले. पत्ता तोच होता, सही निराळीच. “तीस दिवस लागतील,” त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंच्या मुदतीला चौतीस दिवस उरले होते. बायकोने पैसे मोजून परत डब्यात ठेवले आणि दोन दिवस ती कामापुरतेच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून चार रिकामी खोकी आणून दाराशी रचली. तो रोज त्यांना वळसा घालून कामावर जात होता.

एकोणतिसाव्या दिवशी पत्रे लावताना त्याच्या हाती कंपनीचे रजिस्टर पाकीट आले. त्याने पत्ता वाचला, मग नावही वाचले आणि ते फेरीतल्या आपल्या जागी खोचून ठेवले. घरापर्यंत एकशे बारा दारे होती. एकही त्याने गाळले नाही.

बायकोने दार उघडले. “किल्ली विसरलात?”

“रजिस्टर आहे. सही कर.”

“माझी कशाला? नाव तर तुमचं!”

“ड्यूटीवर आहे मी. कर.”

तिने सही केली, पाकीट फाडले, ओठ हलवत वाचले. मग एक खोके उचलून ती आत गेली आणि तिने आतून विचारले, “नोंद काढलीय म्हणे. चहा टाकू?”

तो पायरीवर बसला. गुडघे ठणकत होते. पिशवीत अजून अकरा पत्रे होती.

“आल्यावर टाक,” म्हणत तो कठड्याला धरून उठला आणि पुढच्या पाकिटावरचे नाव वाचू लागला.