हळू चालेल तो पुढे

...आणि तिसरी काठी उचलून तिने कडेला लावली, तेव्हाही आमच्यापैकी कुणाला काही वाटलं नाही. उलट मला कौतुकच वाटलं. बायको भर जंगलात आली तरी आवराआवर सोडत नाही, असं मनात म्हणालो आणि तिच्या मागून चालत राहिलो.

काल इथवर आलो आणि दारात पाहुणे आले, म्हणून गोष्ट काठीवरच लटकली. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मागे जायला माझी ना नाही, कारण ही गोष्टच मागे राहणाऱ्या माणसाची आहे.

ते माणूस म्हणजे माझी सून. ती वाटाड्याचं काम करते. सहा-सात जणांचा लहान गट घेऊन एका देशात शिरते, दुसरा देश पायी ओलांडते आणि तिसऱ्या देशात जाऊन समुद्राला टेकते. तिन्ही देशांत जंगल एकच, घनदाट, बारा महिने ठिबकणारं. झाडांना शिक्का लागत नाही, माणसांना लागतो, एवढाच काय तो फरक. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. टायरच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की तिचं प्रवासाचं ऑफिस लागतं. तिथे भिंतीवर जगाचा नकाशा आहे. बाकी ठिकाणी टाचण्यांची दाटी, आणि त्या हिरव्या पट्ट्यात एकुलती एक टाचणी. ती टाचणी म्हणजे आमची सूनबाई.

इतर वाटाडे छत्री उंच धरून पुढे पळतात आणि त्यांच्या मागून गट, लग्नाला उशीर झालेल्या वऱ्हाडासारखा. ही मात्र सगळ्यांच्या शेवटी चालते आणि गटात जे सगळ्यात हळू असेल त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवते. ऑफिसातले तिला ‘शेपूट’ म्हणतात. ती चिडत नाही. म्हणते, “फांदीवर चालायचं असलं की माकडाला विचारा, शेपटीचं काय काम असतं ते.”

ही रीत तिने माहेराहून आणली. तिचे वडील विजेच्या तारांचं काम करायचे. एकदा खांबावरून पडले आणि एक पाय कायमचा आखडला. बाजारात जाताना भावंडं पुढे धावायची आणि मागून वडील हाका मारायचे, “अरे, थांबा रे.” लोक वळून बघायचे. तिच्या आईच्या ते जिवाला लागलं. एक दिवस तिने नेमच करून टाकला, की आजपासून बाबा पुढे. मग पोरांना आपोआप हळू चालावं लागलं आणि त्या माणसाला पुन्हा कधी ‘थांबा’ म्हणायची वेळ आली नाही. सूनबाईने हे मला सांगितलं तेव्हा मी गावातल्या शाळेत शिकलेलं सगळं गणित आठवून पाहिलं. इतकं सोपं उत्तर त्यात कुठे नव्हतं.

आमच्या हिला, म्हणजे तिच्या सासूला, हे काम मुळीच पसंत नव्हतं. “लोकांच्या सुना घरात दिसतात,” ती शेजारणीला सांगायची, “आमची नकाशात दिसते.” सून ऐकायची आणि हसून चहा गाळायची. मुलगा आमचा दोघींच्या मध्ये गाळणीसारखा, जे खाली पडेल ते आपलं म्हणणारा.

मग तो दिवस आला. सूनबाई ऑफिसातून आली आणि बटाटे सोलायला बसली. सालाबरोबर निम्मा बटाटा टोपलीत जाऊ लागला.

“बटाट्याशी काय वैर आहे?” हिने विचारलं.

तेव्हा कळलं. गटातल्या दोघांनी ऐन वेळी नाव काढून घेतलं होतं. सहा माणसं नसली की गट रद्द, आणि यंदा ते आधीच दोनदा झालं होतं. मालकांनी शेवटचं सांगितलं होतं, की हा गट पुरा गेला आणि पुरा पोचला तर ती वाट चालू ठेवू, नाहीतर टाचणी काढू. तुला ऑफिसात काउंटर आहेच. खुर्ची आहे, पंखा आहे, वर्षभर घरी जेवायला येशील.

मला वाटलं, आता आमची ही देवाला साखर ठेवणार. तिने सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली.

“दोनच कमी आहेत ना? मग आम्ही दोघं आहोत की.”

“आई, दिवसभर चालायचं असतं. पाऊस, चिखल...”

“मी काय साखरेची आहे? आणि तू काउंटरवर बसलीस तर संध्याकाळी माझ्या डोक्यावर बसशील. एकदा बघू दे तरी, माझी सून महिना महिना जाते कुठे.”

मला कुणी विचारलं नाही. मी आपला बॅग शोधायला उठलो.

गटात आमच्याशिवाय चौघं होते. व्यायामशाळा चालवणारा एक धिप्पाड गृहस्थ आणि त्याची बायको, आणि दोघी बहिणी, दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. जंगलाच्या तोंडाशी सूनबाईने सगळ्यांना चालून दाखवायला लावलं आणि सासूला पुढे उभं केलं.

व्यायामशाळावाला म्हणाला, “आजी पुढे? मग आपण पुढच्या जन्मी पोचू.”

“दादा, आई पुढे असल्या की तुम्हाला कुणासाठी थांबावं लागणार नाही,” सून म्हणाली.

“त्यात नवीन काय?” आमची ही म्हणाली. “स्वयंपाकघरातही माझ्या पुढे कुणी जात नाही.”

पहिल्या दिवशी तो बिचारा फक्त माझी टाच बघत चालला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याची मान वर झाली. हळू चालताना पानं वाजत नाहीत, त्यामुळे जंगलाला आम्ही आल्याचं कळतच नव्हतं. नखाएवढा बेडूक पानावर बसून आमच्याकडे बघायचा. धनेश पक्षी डोक्यावरून जायचा तेव्हा पंखांचा आवाज जुन्या भात्यासारखा यायचा. माकडं तर आम्हाला बघायला कुटुंबासकट यायची. “एवढं सगळं आधीच्या ट्रिपांमध्ये होतं का हो?” असं व्यायामशाळावाल्याने सूनबाईला विचारलं तेव्हा मी हिच्याकडे बघितलं. ही चालतच होती, पण मान जरा ताठ झाली होती.

आता काठ्यांचं. आमचा सामानवाला रोज सकाळी गाठोडी घेऊन पुढे निघायचा. जिथे वाट फुटते तिथे ज्या वाटेने जायचं नाही तिच्यावर तो काठी आडवी टाकायचा. पावसागणिक वाटा बदलतात, म्हणून सूनबाईही त्याच्या खुणांवरच विसंबायची. सूनबाईने पहिल्याच सकाळी सांगितलं होतं, “आडवी काठी म्हणजे बंद दार.” पण त्या वेळी आमची ही मला ओल्या मोज्यांवरून बोलत होती. बोलणारीने ऐकलं नाही आणि बोलणी खाणाऱ्यानेही ऐकलं नाही. आणि हिचा स्वभाव असा, की आडवं पडलेलं काही तिला बघवत नाही. घरात चप्पल, वर्तमानपत्र, मी, काहीही आडवं दिसलं की ती ते उभं करते. काठी दिसली की उचलायची, बुंध्याला टेकवून ठेवायची, जाड टोक खाली. मागच्याला ती दिसायच्या आत दार उघडं. दोनदा नशिबाने पाय बरोबर वाटेला लागले. तिसऱ्यांदा, म्हणजे काल जिथे आपण थांबलो तिथे, दुसरी वाट फारच छान होती. रुंद, दाबलेली, सपाट. ही तिच्यावरून निघाली आणि आम्ही सगळे मागून.

वाट चांगली, पण मोडलेल्या फांद्या जागोजागी. ही उचलतेय, टेकवतेय, चालतेय. आणि मग प्रवासात पहिल्यांदाच सूनबाई मागून पुढे आली. चिखल माखलेल्या एका खोडाकडे तिने बघितलं. चिखल माणसाच्या डोक्याहून उंच होता. तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आम्हाला एका प्रचंड झाडाच्या मुळांआड बसवलं.

पुढे जंगल उघडलं होतं. मोठं मोकळं पाणथळ मैदान, आणि त्यात हत्ती. वाट त्यांची होती, म्हणून तर सामानवाल्याने ती बंद केली होती. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, तेवढं दैव बरं. कळप पलीकडे निघाला. पुढे एक म्हातारी हत्तीण, कान फाटलेली, पाय जपून टाकणारी. मध्ये पिल्लं. शेवटी एक तरणी हत्तीण, सारखी मागे वळून बघणारी. एकही हत्ती म्हातारीच्या पुढे गेला नाही.

आमची ही माझ्या कानाशी आली. “बघितलंत? यांच्यातही सासू पुढे.”

कळप झाडीत शिरेपर्यंत आम्ही मुळांआडच बसलो. मग सूनबाईने आम्हाला आल्या वाटेने बरंच मागे आणलं आणि विचारलं, “आई, वाटेत काठी आडवी होती का?”

“होत्या की. कुणी तरी टाकून गेलं होतं. मी लावल्या नीट.”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. व्यायामशाळावाला हळूच म्हणाला, “आजींनी दारच उघडलं म्हणायचं.” तेव्हा हिच्या लक्षात आलं. हिचा चेहरा इतका उतरलेला मी मुलाच्या टायफॉइडनंतर प्रथमच पाहिला.

“चूक माझी,” सूनबाई म्हणाली. “सांगताना तुम्ही ऐकताय की नाही, ते मी बघितलं नाही.”

पण चूक कुणाचीही असो, दिवस कलायला लागला होता. नदीवर शेवटची नाव सूर्य असेपर्यंत. पलीकडे तिसऱ्या देशाची चौकी, आणि आमच्या कागदांवर परवानगी त्याच दिवसापुरती. नाव चुकली की प्रवास तिथेच मोडला आणि टाचणीही गेली.

व्यायामशाळावाला म्हणाला, “ताई, आम्ही जोडीने धावत जातो, नाव थांबवतो. तुम्ही यांना घेऊन मागून या.”

“गट तोडला की दोन गट होतात दादा, आणि वाटाडी एकच आहे.”

“तो बरोबर बोलतोय,” आमची ही म्हणाली. “मला मागे टाक. माझ्यापायी तुझं काम जाईल.”

सूनबाईने तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली. “आई, पुढे व्हा. इथे हत्तींच्या दहा वाटा एकमेकींत शिरल्यात. आपण कुठून आलो ते मला शोधावं लागेल. तुम्हाला नाही. तुमचं आवरलेलं तुम्ही लांबून ओळखता.”

आणि खरंच. प्रत्येक फाट्यावर ही क्षणभर थांबायची आणि बोट दाखवायची. “ही बघ. जाड टोक खाली.” पुढे दुसरी, पुढे तिसरी. हत्तींनी मोडून टाकलेल्या फांद्या हिने बुंध्याबुंध्याशी लावल्या होत्या, दारामागे केरसुणी उभी करावी तशा. त्यांच्या रांगेने आम्ही सरळ बाहेर आलो. व्यायामशाळावाला हसायला लागला. “आजी, हत्तींचंही घर आवरलंत की तुम्ही.” त्याने हिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि निम्म्या वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा हसत राहिला.

जिथे चुकलो त्या फाट्यावर आल्यावर हिने सामानवाल्याची ती तिसरी काठी शोधून काढली आणि वाटेवर स्वतःच्या हाताने आडवी टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग ही चालली. धावली नाही, थांबलीही नाही. पुढचाच थांबत नसला की मागच्यांना थांबायचं कारण उरत नाही. घाई करणारे वाटेत दहा ठिकाणी दम खातात, आम्ही एकदाही बसलो नाही. नदी दिसली तेव्हा समोरच्या झाडांच्या फक्त शेंड्यांवर ऊन होतं. नावाडी दोर सोडत होता, आणि आमचा सामानवाला एक पाय नावेत, एक काठावर ठेवून त्याच्याशी वाद घालत होता.

“अर्धे तरी आले का?” नावाडी कुरकुरला.

“ती अर्धे आणत नाही,” सामानवाला म्हणाला.

पलीकडच्या चौकीवर मालक स्वतः येऊन बसले होते. टाचणी काढायची की ठेवायची ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. नाव येताना त्यांना काय दिसलं असेल, ते मी आजही मनात बघतो. सगळ्यात पुढे, नाकासमोर बघत, चिखलाने माखलेली आमची ही. तिच्या मागे आम्ही सगळे. आणि सगळ्यात मागे, आमच्या पाठी मोजत उभी, आमची शेपूट. शिक्के पडले. एकही कागद बिनशिक्क्याचा राहिला नाही.

चौकीच्या पायरीवर चहा आला. हत्तींची हकिकत व्यायामशाळावाल्यानेच सांगितली, अगदी स्वतः म्हातारी हत्तीण होऊन. मालकांनी पेनाचं टोपण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“टाचणी राहिली,” ते म्हणाले. “वाट तुझी. मात्र आज फार थोडक्यात निभावलं. पुढच्या गटापासून एक अट घालतो, म्हातारी माणसं नकोत. चालेल ना?”

आमची ही बुटांकडे बघू लागली. सूनबाई पायरीवर बसून बुटातलं पाणी ओतत होती. तिने बूट पालथा ठेवला आणि वर बघितलं.

“अट घालायचीच असेल तर अशी घाला, की प्रत्येक गटात एक तरी हळू चालणारं माणूस पाहिजे. नाहीच मिळालं कुणी तर मला सांगा. आमच्या घरी एक आहेत, फक्त त्यांना जागा पुढचीच लागते.”