बांधावरची कण्हेर

कण्हेर मारून मरत नाही. मी कुऱ्हाड घेऊन तिच्यावर तुटून पडलो होतो आणि दोन महिन्यांत तिने बुंध्यातून पुन्हा फांद्या काढल्या. सोनगीरजवळ हायवेच्या दुभाजकात तिला कोण पाणी घालतं? धूर खाते, उन्हात भाजते, तरी बारा महिने गुलाबी फुलते.

लावायला तर अक्कलही लागत नाही. पावसाळ्यात बोटाएवढी जाड, वीतभर फांदी तिरपी कापायची, खालची पानं ओरबाडायची आणि ओल्या मातीत खोचायची. महिनाभरात मूळ धरते. पांढरा चीक निघतो, म्हणून हात धुवायचे. पानापासून मुळापर्यंत विष. पण फुलं देवाला चालतात, आणि हिरव्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून लोक ती कुंपणाला लावतात.

मी ती बांधावर लावली ती रागाने. वाटणीनंतर मोठ्या भावाचा बैल माझ्या कपाशीत शिरायचा. खरं तर जोडी घरचीच, वाटणीत फोडलेली. एक बैल त्याला, एक मला. आमचं बोलणं बंद होतं, पण पेरणीला दोन्ही बैल एका जुवाखाली आणावेच लागायचे. तो मुकाट्याने त्याचा आणून उभा करायचा, मी माझा. बैल मात्र आमच्यासारखे नव्हते, भेटले की एकमेकांच्या माना चाटायचे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात भाऊ म्हणाला, कण्हेर हातभर त्याच्या हद्दीत आली. शिवीगाळ झाली, एकमेकांची गचांडी धरली. माझं डोकं फिरलं. सगळी कण्हेर छाटली आणि फांद्या त्याच्या शेतात भिरकावल्या. "ले तुनी हद्द!" असं ओरडलो. काही फांद्या त्याच्या कडब्याच्या गंजीवर पडल्या. त्या मला दिसल्या. गुरं कण्हेर खात नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. वाळल्यावर तिचा कडूपणा कमी होतो आणि विष तसंच राहतं, हे नंतर कळलं.

आठ दिवसांनी त्याचा बैल कोसळला. तोंडाला फेस, पाय झाडत होता. त्याचं हंबरणं ऐकून इकडे माझा बैल दावं तोडायला लागला. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊ म्हणाला, साप चावला. मी गंजीकडे पाहिलं आणि गप्प बसलो, नालायकासारखा.

पेरणीच्या तोंडावर भाऊ कोयता घेऊन बांधावर आला. कितीतरी दिवसांनी नीट बोलला. "कण्हेर फुटी ऱ्हायनी. दोन-चार फाटा दे, मना गोठाजवळ लावसू. तिले कोनी खात नही."

माझ्याने राहवलं नाही.

"भाऊ, बैल साप चावीसन नही मरना. कण्हेर खाईसन मरना. तुना गंजीवर मीच फेकेल व्हती."

त्याने आधी कोयता लांब फेकला, मग मला मारलं. बुक्क्यांनी, लाथांनी, दम लागेपर्यंत. माझा एक दात पडला. मी हात उचलला नाही. कोणत्या तोंडाने उचलणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा बैल नेऊन त्याच्या गोठ्यात बांधला. बैल रिकाम्या दावणीकडे मान लांबवून हुंगत राहिला. भाऊ घराबाहेर आला नाही. आतूनच म्हणाला,

"एकला बैलनं मी काय करू?"