प्रयागबाईची दोन दारं

वाडीला गोदामांच्या मागे आमच्या खोल्यांची ओळ आहे. प्रयागबाई माझी शेजारीण. गोदामात फाटकी पोती शिवते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तिला सरकारकडून निराधारचा पगार मिळतो.

वैशाखात तिनं शालिकरामशी लग्न केलं. तो गोदामाचा चौकीदार, विधुर, सरळ माणूस. मारुतीच्या देवळात चार माणसांत हार घातले. कुंकू मीच लावलं. पन्नाशीची बाई, पण लाजली. मला फार बरं वाटलं.

दोन महिन्यांनी सकाळी ती दारात आली. कपाळ कोरं, गळा मोकळा.

"काय झालं वं? शालिकरामभाऊ..."

"त्याले काय होते! तो पाह्य, चहा पिऊन राहिला." तिनं कागद पुढे केला. "तहसीलमध्ये द्याचा आहे. मले नवरा नाही, एकटी राह्यतो म्हणून. शेजारणीची सही लागते."

शालिकराम ओट्यावर बसला होता. शर्टाच्या खिशातून काळे मणी डोकावत होते.

"करून टाका ताई," तो हसत म्हणाला. "साहेबापुढं विधवा, घरी सवाशीण. आली का घालून देतो."

जित्या माणसाच्या खिशात त्याच्याच बायकोचं मंगळसूत्र! मी मनात मारुतीचं नाव घेतलं.

"कुंकू मी लावलं तुले. खोटी सही नाही करणार."

"पगार बंद होईन ना!"

"आता नवरा आहे तुले."

"पयलाही होता. तो गेला तं दिरानं घराबाहेर काढलं. पगार तेवढा येत राहिला. यानं उद्या काढलं तं?"

शालिकरामचं हसू गेलं. "मी काहून काढीन वं?"

ती कागदाची घडी करून निघून गेली. मला वाटलं, आता पगार सोडेल.

दुपारी शालिकराम डोक्यावर गादी घेऊन ओळीतल्या शेवटच्या रिकाम्या खोलीकडे जाताना दिसला. मागे त्याची पेटी घेऊन प्रयागबाई.

परत येताना तिनं तोच कागद माझ्यापुढे धरला.

"लग्न मोडलं ताई. देवाले सांगून आली. आता खोटं काहीच नाही."

'नवरा नाही, एकटी राहते' ही ओळ मी तीनदा वाचली. खरंच खोटं काही नव्हतं. मी सही केली.

दिवेलागणीला तिनं झाकलेलं ताट त्याच्या दाराशी ठेवलं, कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत माघारी फिरली.