वहिनीसमोर कोण बसणार

न जेवणाऱ्या मुलींना जेवायला शिकवणं हा माझ्या वहिनीचा व्यवसाय आहे, आणि ती स्वतः जेवत नाही. हे मी दादाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मी प्रत्येक गोष्टीचा बाऊ करते. दादाला बायकोच्या गळ्याची हाडं दिसत नाहीत. त्याला फक्त एवढंच दिसतं की लग्नातले कपडे तिला अजून होतात, आणि हे तो चारचौघांत कौतुकाने सांगत सुटतो. मला त्या वेळी त्याच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत माझ्याही पायाखाली ब्रेक असतो, त्यामुळे शेजारच्या सीटवरचं माणूस काय करतंय याकडे सतत एक डोळा ठेवायची खोड लागली आहे. नवऱ्याशी पटेना म्हणून चार दिवसांसाठी दादाकडे आले, ती तिथेच ठाण मांडून बसले. वहिनीला क्लिनिकमधून आणायचं काम आपोआपच माझ्या गळ्यात पडलं.

गाडीत बसली की ती पट्टा लावायला टाळाटाळ करते, कारण पट्टा पोटावर चपखल बसतो आणि पोट दिसतं. मग मी ओरडते, मग ती पट्टा लावते आणि वर पर्स धरून बसते. समोरची उन्हाची झडप खाली ओढून झडपेच्या आतल्या आरशात हनुवटीखालची कातडी चाचपते. सिग्नलला थांबलो की शेजारच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघते. दिवसभर मुलींना सांगून आलेली असते, आपलं शरीर आपला शत्रू नाही.

तिच्या क्लिनिकमध्ये एक पद्धत आहे. जेवायला घाबरणाऱ्या मुलीसमोर समुपदेशकाने बसायचं आणि तिच्याइतकंच आपणही खायचं. यात वहिनीचा हातखंडा, असं सगळे म्हणतात. घरी मी वाढायला घेतलं की ती सांगायची, क्लिनिकमध्येच जेवण झालंय. एकदा तिला आणायला गेले, तर तिची सहकारीण मला म्हणाली, "तुमच्या हाताला भलतीच चव असणार. या रोज ताटात निम्मं ठेवून उठतात, म्हणतात, घरी नणंद जेवायची थांबलीय." माझं डोकंच फिरलं. इकडे क्लिनिकची थाप, तिकडे माझी.

घरी येऊन मी तोंड सोडलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला माझी काळजी वाटतेय, आणि ती रागातून बाहेर पडतेय." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं? भिंतीशी भांडलेलं परवडलं.

पण मी पिच्छा सोडला नाही. ती एका समुपदेशकाकडे गेली आणि खुशीत परत आली. त्या गृहस्थांची आई नुकतीच वारली होती. पूर्ण वेळ ते रडले आणि वहिनीने त्यांना धीर दिला. उपचार घ्यायला गेलेली बाई उपचार करून आली. मी कपाळाला हात लावला.

मग एक गट सापडला. सगळे समुपदेशकच, आणि सगळ्यांचं दुखणं हेच. कोणी जेवत नाही, कोणी लपून खातं, कोणी आरसा झाकून ठेवतं. चालवणारी एक वयस्कर, करड्या आवाजाची बाई, तिला मी हेडबाई म्हणते. सुरुवातीला म्हणे सगळ्यांनी एकमेकांना इतकं समजून घेतलं की कोणाला स्वतःचं काही सांगावंच लागलं नाही. शेवटी हेडबाईंनी बजावलं, पेशंटला जे बोलता त्यातलं एकही वाक्य इथे चालणार नाही. त्यावर म्हणे निम्म्या लोकांची वाचाच बसली. हेडबाई मला तेव्हापासून फार आवडतात.

त्यांनीच वहिनीला सांगितलं, स्वतःचं ताट संपवता येईपर्यंत कोणत्याही मुलीसमोर जेवायला बसू नका. त्या दिवशी गाडीत वहिनी पहिल्यांदाच चिडली. तेवढं एकच काम आपल्याला नीट येतं, तेही काढून घेतलं तर उरतं काय, असं तिचं म्हणणं. शिवाय एक शाळकरी मुलगी आहे, ती दुसऱ्या कोणासमोर घास घेत नाही. तिला मध्येच सोडायचं? वहिनीने गट सोडला आणि त्या मुलीसमोर बसत राहिली. दादा म्हणाला, बरं झालं, उगाच मनाला लावून घेत होती. मी त्याच्याशी काही दिवस बोलले नाही.

मग एका संध्याकाळी वहिनी गाडीत येऊन बसली आणि झडपेला हात लावला नाही. मी गाडी सुरू करणार, तर म्हणाली, थांब जरा.

त्या मुलीच्या ताटाकडे आज तिचं नीट लक्ष गेलं होतं. मुलीने ब्रेडच्या कडा काढून बाजूला ठेवल्या, मधल्या भागाचे कण केले, बटाटा ताटभर पसरून कमी दिसेल असा केला आणि एक तुकडा कागदी रुमालाखाली सरकवला. महिन्यापूर्वी यातलं ती काही करत नव्हती. वहिनीने विचारलं, हे कुठून शिकलीस? मुलगी गोंधळली. तिला वाटलं होतं आपण शहाण्यासारखं वागतोय.

"तुम्ही असंच खाता ना," ती म्हणाली. "मला वाटलं, बरी झालेली माणसं असंच खातात."

मला खूप बोलायचं होतं, जीभ शिवशिवत होती, पण तिचा चेहरा बघून मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला खरं काय ते सांगितलं. मला स्वतःलाच नीट जेवता येत नाही, मी ते शिकायला जातेय, तोवर तुझ्यासमोर माझी सहकारीण बसेल. मुलगी रडेल, हात झटकून निघून जाईल, असं तिला वाटलं होतं. मुलीने फक्त विचारलं, "मग तुमच्यासमोर कोण बसणार?"

कोण बसणार? मीच. उभ्याउभ्या, बेसिनशी जेवण उरकणारी बाई मी, मला हे काम आलं. वहिनी परत गटात जायला लागली आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसायला लागलो. ती ब्रेडचे कण करायला लागली की मी म्हणते, मोठा तोड. ती माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघते. तेवढं मात्र जमतं तिला. दादा घरी आला आणि म्हणाला, अजून तुमचं चाललंच आहे? त्याला मी खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, कपड्यांबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही.

काल ती अर्ध्यावर थांबली. घास हातात तसाच. आता काहीतरी समजुतीचं वाक्य येणार म्हणून मी दात आवळून बसले होते.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

एवढंच. इतक्या वर्षांत स्वतःबद्दल ती पहिल्यांदाच इतकं साधं बोलली. दादाने मान खाली घातली.

"कळतंय," मी म्हणाले. "माझंही ताट गार झालंय तुझ्यापायी. मी उठत नाही. खा."